आम्बाखबाईंची वात

१

खोली तापवायच्या गॅसच्या शेगडीची लहान ज्योत बदलायचं काम अर्ध्या तासाचं असतं. मी ते शेकडो वेळा केलं आहे. आधी नळाची चावी आडवी करायची. खिडकी उघडायची. खोलीत कुठं मेणबत्ती किंवा पेटती सिगारेट असेल तर ती विझवायला लावायची. मग समोरचा पत्रा काढायचा, दोन स्क्रू, एक नट, आणि ज्योतीचा सगळा जोड हातात येतो. बोटाएवढी नळी, तिच्या तोंडाशी सुईच्या नेढ्याएवढं भोक आणि शेजारी तांब्याची एक काडी. ही काडी ज्योतीत तापलेली असते तोवर गॅस चालू राहतो. ज्योत गेली, काडी निवली, की तीस आकडे मोजेपर्यंत आतली झडप टक्‌ करून बसते आणि गॅस बंद होतो. माणूस झोपेत मरू नये म्हणून ही सोय केलेली असते. पुन्हा पेटवताना काडी तापेपर्यंत बटण दाबून ती झडप हातानं उघडी धरावी लागते.

जर्मन लोक त्या ज्योतीला झुंडफ्लामे म्हणतात. मी मनातल्या मनात तिला वात म्हणायचो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, श्रीरंग मयेकर. जहाजावर आगवाला होतो, म्हणजे बॉयलरात कोळसा मारणारा. शाळा चौथीपर्यंत. बावन्न साली हाम्बुर्गला छातीनं आजारी पडलो, जहाज मला दवाखान्यात ठेवून निघून गेलं आणि मी राहिलो तो राहिलोच. पुढं डार्मश्टाटला शेगड्या बसवणाऱ्या एका लहान दुकानात लागलो.

एकोणीसशे बासष्टच्या फेब्रुवारीत, एका दुपारी, सुलेखा दुकानात आली. सुलेखा पुण्याची. डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीचं संशोधन करायची. गावात आम्ही मराठी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे ती मला काका म्हणायची आणि प्रसंगी रागवायचीही.

"काका, तुम्ही आत्ता माझ्याबरोबर येताय. उद्या नाही."

"कोट तरी घालू देशील?"

"घाला. पण चला. आमच्या आम्बाखबाई नऊ दिवस झोपलेल्या नाहीत." आम्बाखबाई म्हणजे तिच्या घरमालकीण. "त्यांच्या बैठकीतली शेगडी सारखी विझते आणि त्या सारखी पेटवतात. काल त्यांनी बटण दाबून धरलं आणि तसाच त्यांचा डोळा लागला. वर हात, खाली गॅस. मी लॅबमधून लवकर आले म्हणून नशीब. जिन्यापर्यंत वास होता."

मी पेटी उचलली. एक नवा जोड कागदात गुंडाळून घेतला.

२

घर युद्धानंतर बांधलेलं, अरुंद, तीन मजली. आम्बाखबाई पहिल्या मजल्यावर, सुलेखा त्यांच्या वर. बाई बहात्तर वर्षांच्या, ठेंगण्या. डोळ्यांखाली जांभळं झालेलं.

"पाय पुसा," त्या म्हणाल्या. मी पुसले. "अजून एकदा."

बैठकीत शेगडीसमोर एक हाताची खुर्ची होती आणि तिच्याशेजारी तिवईवर एक मेणबत्ती पेटलेली होती. दुपारचे तीन वाजले होते. खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. मेणबत्तीची काही गरज नव्हती.

मी वाकून शेगडी पाहिली. वात लहान होती, पिवळी, तिरपी. मी पाहत असतानाच ती दोनदा फडफडली आणि गेली. बाई माझ्याआधी हलल्या. मेणबत्ती उचलून त्यांनी छोट्या दारातून आत धरली, बटण दाबलं, ओठांनी आकडे मोजले, बटण सोडलं. वात उभी राहिली. इतक्या सफाईनं आमच्या दुकानातल्या माणसालाही जमलं नसतं.

"काडी जळली आहे," मी म्हणालो. "सगळा जोडच बदलतो. मेणबत्ती विझवा आणि खिडकी उघडा."

"विझवायची नाही. दोन्हीही नाही."

"मग बदलू कशी?"

"ते तुमचं काम. मी चाळीस वर्षं बेकरी चालवली, भट्टी कशी राखायची हे मी कुणाला विचारलं नाही."

"फ्राऊ आम्बाख, मी नंतर काडेपेटीनं पुन्हा—"

"काडेपेटी नाही. चार वर्षांत या शेगडीला काडी लागलेली नाही. मेणबत्ती हिच्यावरून लागते आणि ही मेणबत्तीवरून." त्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवला. "माझ्या नवऱ्याला थंडी वाजते."

सुलेखा मराठीत हळू म्हणाली, "ते चार वर्षांपूर्वी गेले, काका. ह्याच खुर्चीत. बेकर होते, छातीत पीठ बसलं होतं त्यांच्या. दम्यानंच गेले."

"तुमच्या भाषेत बोलू नका," बाई म्हणाल्या. "मला कळतं काय बोलताय ते. म्हातारी वेडी आहे."

"नाही हो! मी म्हटलं तुम्ही फार चांगल्या आहात."

"ते त्याहून वाईट."

सुलेखा हसली. मला हसू आलं नाही. मी त्या मेणबत्तीकडे पाहत होतो.

आमच्याकडे माणूस गेलं की ज्या जागी त्याला निजवलेलं असतं तिथं दिवा लावतात. दहा दिवस तो जाऊ देत नाहीत. घरातलं कुणीतरी पाळीपाळीनं तेल घालत बसतं. माझी बायको वसुधा सेहेचाळीस साली बाळंतपणात गेली, तेव्हा मी लिव्हरपूलच्या वाटेवर होतो. पत्र दोन महिन्यांनी हातात पडलं. तिच्या दिव्याशी मी एक रात्रही बसलो नाही. ही परकी म्हातारी, जिला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं, चार वर्षं बसली होती.

मी नियम मोडला. सुलेखाला म्हणालो, "मेणबत्ती स्वयंपाकघरात ने. दार लावून घे. मी हाक मारीन तेव्हा आण. आणि पोरी, तिला सांभाळ."

३

बाईंनी खिडकी उघडू दिली नाहीच. मी चावी आडवी केली. वात गेली. टक्‌ झालं. पत्रा काढला, जुना जोड काढून वर्तमानपत्रावर ठेवला. काडीचं टोक जळून काळं पडलं होतं, भोकात काजळी. दोष उघड होता. मला बरं वाटलं. दोष उघड दिसला की हाताला समाधान होतं.

नवा जोड बसवला, नट आवळला. गॅस सोडण्याआधी मी नेहमी सांध्यांना साबणाचं पाणी लावून ठेवतो. दाढीचा जुना ब्रश असतो माझ्याकडे. गॅस सोडल्यावर कुठं गळत असेल तर तिथं बुडबुडा येतो.

मी अजून गॅस सोडला नव्हता. बुडबुडा आला.

वाटाण्याएवढा झाला, थांबला, आणि परत आत गेला. मग पुन्हा आला.

गळणाऱ्या गॅसचा बुडबुडा फुगतो आणि फुटतो. तो मागं जात नाही. मी चावी चाचपली. ती बंद होती. धुराड्यात वारा असेल म्हणावं, तर धुराड्याचा आणि या नळीचा संबंध नाही. तळघरातल्या मीटरपाशी कुणी काही करत असेल असंही मनात आलं. मी कान दिला. घरात आवाज नव्हता. बुडबुडा येत होता, जात होता. जाताना मध्येच अडायचा, जसा कुणाचा श्वास घशात अडतो.

माझाच श्वास त्याच्यावर पडत असेल म्हणून मी श्वास धरला. तो थांबला नाही. बाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसून आपल्या हातांकडे पाहत होत्या, त्यांची छाती भराभर हलत होती. हा श्वास त्यांच्यापेक्षा खूप हळू होता.

मी फडक्यानं साबण पुसून टाकला. दुसरं काय करणार होतो? पुन्हा लावून बघायला हवं होतं. मी लावलं नाही.

"सुलेखा," मी हाक मारली.

ती मेणबत्ती घेऊन आली. एका हाताचा आडोसा करून, पाऊल मोजत, देवासमोर नेतात तशी. माणूस ज्योत घेऊन पुढं चालतो तेव्हा ज्योत मागं वळते. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तिच्या हातातली ज्योत पुढं वळलेली होती. शेगडीकडे.

४

वात एका झटक्यात लागली. तीन बोटं उंच, निळी, सरळ. बटण दाबून मी तीस मोजले, सोडलं. ती हलली नाही. मग मोठी आग सोडली, तिच्या ओळीच्या ओळी लागत गेल्या. सांध्यांना साबण लावला. या वेळी काही आलं नाही.

"आता ही जाणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही झोपा."

"नक्की?"

"माझ्या हातचं काम आहे."

बाईंनी मेणबत्तीकडे पाहिलं, वातीकडे पाहिलं. मग त्यांनी माझा हात, साबणाचा आणि काजळीचा, दोन्ही हातांत धरला. खुर्चीत मान टेकताच झोपल्या. सुलेखानं त्यांच्या अंगावर शाल घातली आणि आम्ही स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा घेतला.

"काका, तुम्ही ग्रेट आहात," ती म्हणाली.

मला आनंद झाला होता, खोटं का सांगू. कुणाच्या तरी दिव्यात तेल घातल्यासारखं वाटत होतं. बुडबुड्याचं मी तिला सांगितलं नाही. घरी जाता जाता मी त्याचं कारणही शोधून काढलं: नळीत उरलेला गॅस थंडीनं आकसला असेल, माझ्या हाताच्या उबेनं फुगला असेल. कारण बरं होतं. दोन दिवस पुरलं.

५

आठ दिवसांनी सुलेखा पुन्हा आली. या वेळी घाई नव्हती. दुकानातल्या बाकावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

"विझते का?" मी विचारलं.

"नाही. एकदाही नाही."

"मग?"

"काका, तुम्ही हसणार नसाल तर सांगते. मी सायन्सची माणूस आहे, मलाच कसंतरी वाटतं."

"मी चौथी पास आहे. मला कुणाला हसायचा अधिकार नाही."

तिनं सांगितलं ते असं. शेगडी दिवसभर जळते, पण खोली तापत नाही. तिनं लॅबमधला थर्मामीटर नेऊन ठेवला, पारा चढायला तयार नाही. बाई झोपेतून दुसऱ्या दिवशी उठल्या त्या खुर्चीतून हललेल्याच नाहीत. आधी वात गेली की त्या रडायच्या, पेटवायच्या, पण मग अर्धा तास बऱ्या असायच्या. सुलेखाला हाक मारायच्या, पावाचा तुकडा खायच्या, तिच्या केसांना नावं ठेवायच्या. आता वात जात नाही, आणि तो अर्धा तासही येत नाही.

"आणि आवाज येतो," ती म्हणाली.

"कसला?"

"श्वासाचा. मोठा, ओढून घेतलेला. आधी मला वाटलं बर्नरचा आहे. पण काका, आता बाईंचा श्वासही तसाच चाललाय. त्याच्याबरोबर. तो आत तर ह्या आत, तो बाहेर तर ह्या बाहेर. मध्ये तो अडतो तेव्हा ह्याही अडतात. रोज थोडा जास्त वेळ. काल मी घड्याळ लावलं. अकरा सेकंद." तिनं हातमोजे घट्ट धरले. "डॉक्टर येऊन गेले. हृदय थकलंय म्हणाले, खोलीत हवा खेळती ठेवा म्हणाले. हॉस्पिटलला बाई नाही म्हणतात. काका, एक दिवस तो अडेल आणि सुटणार नाही. मग ह्या?"

मी पेटी उचलली. काय दुरुस्त करायला निघालो होतो ते मला माहीत नव्हतं.

६

दाराशी पाय पुसले. दोनदा. कुणी सांगितलं नाही म्हणून मला तिसऱ्यांदा पुसावेसे वाटले.

बैठकीत आग भरपूर जळत होती आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. काचेच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी धरली होती. आवाज मी दारातच ऐकला. बॉयलरसमोर पंधरा वर्षं काढलेला माणूस मी, आगीचे सगळे आवाज मला ठाऊक. हा आगीचा नव्हता. दमेकऱ्याचा श्वास होता तो. आत जाताना शिट्टी, मग थांबा, मग बाहेर. आणि त्याच्याबरोबर शेगडीतली ती निळी वात चढत होती, उतरत होती. नव्या जोडाची वात अशी चढत-उतरत नाही.

बाई अर्ध्या झाल्या होत्या. ओठ निळसर. मला पाहून त्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना श्वासाची वाट पाहावी लागली. तो बाहेर निघाला तेव्हा शब्द निघाले.

"आधी तो मधूनमधून जायचा," त्या म्हणाल्या. थांबल्या. "मी त्याला परत आणायचे. मला वाटायचं, मी त्याला वाचवते." पुन्हा थांबल्या. "आता त्याला जाताच येत नाही. तुमचं काम फार चांगलं आहे, मयेकर."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी जमिनीवर बसलो, खुर्चीशेजारी. सुलेखा दाराशी उभी होती. मी हळूहळू बोलणारा माणूस, त्यात माझी जर्मन कामगारांची, पण त्या दिवशी बोललो.

"आमच्याकडे पण दिवा ठेवतात. माणूस गेलं की. जिथून गेलं तिथं."

"किती दिवस?"

"दहा."

"फक्त दहा?"

"दहाच. त्यापुढं ठेवत नाहीत."

"दहाव्या दिवशी काय करता?"

"शांत करतो. वाट मोकळी करून देतो."

"आणि तो जातो?"

"ते मला माहीत नाही, फ्राऊ आम्बाख. अडवायचं नाही, एवढंच आपल्या हातात."

श्वास अडला. बाई अडल्या. मी मनात आकडे मोजू लागलो. चौदावर तो सुटला.

"तुमच्या बायकोचा दिवा कुणी शांत केला?" त्यांनी विचारलं. मी बायकोचं काही सांगितलं नव्हतं. सुलेखानं सांगितलं असावं.

"माझ्या भावानं. श्रीपादनं."

"तुम्ही नव्हता."

"नव्हतो. म्हणून तर तुमचा मी राखला. मेणबत्ती आत ठेवून. तसं करायचं नसतं. चूक माझी आहे."

त्या वातीकडे पाहत राहिल्या. तेवढ्यात दोनदा श्वास अडला, आणि दुसऱ्यांदा सुलेखा धावत येऊन त्यांचे खांदे धरून उभी राहिली.

"त्याला थंडी वाजेल," बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज एवढासा झाला होता.

"त्यांना आत्ताही वाजते आहे," मी म्हणालो. "चार वर्षं झाली. आग आहे तरी वाजते आहे."

बाईंनी तोंडावर हात धरला. मग म्हणाल्या, "चावी दाखवा."

"मी करतो."

"नाही. भट्टी माझी आहे."

७

आधी मेणबत्ती. त्यांनी ती उचलली आणि फुंकर मारायला ओठ पुढं केले, तेव्हा मी नकळत त्यांचा हात धरला.

"फुंकू नका. तोंडाचं उष्टं ज्योतीला लावत नाहीत. असं करा." मी तळहात आडवा धरून ज्योतीच्या वरून हळूच खाली आणला, लेकराला थोपटतात तसा, आणि अलगद बाजूला घेतला. त्या एवढ्याशा वाऱ्यानं ज्योत गेली. माझी आई असं करायची. बाईंनी लक्ष देऊन पाहिलं.

मग मी त्यांना खुर्चीतून उतरवून शेगडीपाशी बसवलं. त्यांचा हात चावीवर, माझा त्यांच्या हातावर. त्या काहीतरी पुटपुटल्या, नवऱ्याचं लाडाचं नाव असावं, आणि त्यांनी चावी आडवी केली.

मोठी आग ओळीनं गेली. वात राहिली.

नळीत थोडा गॅस उरतो, म्हणून मी मोजू लागलो. दहा. वीस. वात तशीच तीन बोटं उंच. तीस. टक्‌. झडप बसली. चावी बंद, झडप बंद. आता तिला जळायला काही नव्हतं, आणि ती जळत होती. चढत होती, उतरत होती. चाळीस. मी कधी तीसच्या पुढं मोजलेलं नव्हतं.

"काका," सुलेखा म्हणाली.

"गप्प राहा, पोरी."

श्वास आत गेला, शिट्टी वाजली, आणि अडला.

तेव्हा मला ते दिसलं. वातीच्या मागं, शेगडीच्या काळोखात, उजेड कशावर तरी पडला. आधी मला वाटलं आतला पत्रा आहे. मग त्याच्या कडा लाल दिसल्या, दिव्यासमोर धरलेल्या बोटांच्या कडा दिसतात तशा. रुंद हात होता. पीठ मळणाऱ्याचा. तो आडवा झाला, वातीच्या वरून हळूच खाली आला, आणि अलगद बाजूला झाला.

वात गेली.

खोलीत एकही आवाज उरला नाही. शिट्टी नाही, आग नाही. आणि माझ्या हाताखालचा बाईंचा हात निर्जीव झाला. त्यांची छाती हलत नव्हती.

सुलेखा खिडकीकडे वळली. "खिडकी उघडायला हवी. इथं लोक तेच करतात. माणूस गेलं की उघडतात, म्हणजे..." तिनं कडीला हात घातला.

"थांब!" मी ओरडलो. आयुष्यात मी कुणावर असा ओरडलो नव्हतो. "आत्ता उघडू नकोस. कोण जाईल ते आपल्याला ठाऊक नाही. आधी ह्यांना श्वास घेऊ दे."

ती कडीवर हात ठेवून थिजली. मी बाईंचे दोन्ही हात चोळत होतो, नावानं हाक मारत होतो, जर्मन सुचेना तेव्हा मराठीतून. "बाई, श्वास घ्या. तुमचा तुमचा घ्या. त्याची वाट बघू नका." खोलीत आमच्याशिवाय कुणीतरी थांबलेलं होतं. दिसत नव्हतं. खिडकी आणि मी यांच्यामध्ये थंडी दाट झाली होती, आणि ती वाट पाहत होती, एवढंच मला सांगता येईल. मला भीती वाटली. पण त्या थंडीचं आमच्याशी वैर नव्हतं. माणूस कोट घालून दारात उभा राहतो आणि बायकोचं आटपायची वाट बघतो, तसं होतं ते. तेच जास्त भयंकर होतं.

मग आम्बाखबाईंनी श्वास घेतला. खरखरीत, घाईचा, वेडावाकडा. पाठोपाठ दुसरा. खोकला आला. त्या खोकत राहिल्या आणि मला तो आवाज देवळातल्या घंटेसारखा वाटला.

"खिडकी," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा उघडली नव्हती. त्याला वारा सोसत नव्हता म्हणून."

सुलेखानं कडी उघडली. बर्फाची हवा आत यायला हवी होती. पडदे बाहेर गेले. दोन्ही पडदे चौकटीबाहेर ताणले गेले, क्षणभर तसेच राहिले, आणि मग भिंतीशी येऊन लोंबले. त्यानंतर बाहेरची साधी, स्वच्छ थंडी आत आली.

मी बाईंना धरून बसलो होतो, मला रस्ता दिसत नव्हता. सुलेखाला दिसत होता. ती खाली वाकून पाहत होती. तिची मान हळूहळू वळत गेली, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, कुणी चालत जातं तेवढ्या वेगानं. मग तिनं हात वर केला. घरातून वडीलधारं माणूस निघालं की आपल्या पोरी करतात तसा. आणि तशाच सवयीनं तिच्या तोंडून निघालं, "या हं पर—"

मी उडी मारून तिच्या तोंडावर हात ठेवला.

उशीर झाला होता. गेलेल्याला ये म्हणत नाहीत हे तिलाही ठाऊक होतं. तिचे डोळे माझ्या हातावरून माझ्याकडे पाहत होते. तिनं काय पाहिलं ते मी विचारलं नाही. तिनंही कधी सांगितलं नाही.

आम्बाखबाई त्या संध्याकाळी आपल्या पलंगावर झोपल्या. सूप प्यायल्या, सुलेखाच्या केसांना नावं ठेवली. सुलेखा आणि मी शेजारच्या खोलीत बसून त्यांचा श्वास ऐकत होतो. एकाच माणसाचा होता. पुन्हा पुन्हा ऐकला, एकाच माणसाचा.

मग सुलेखा हळूच म्हणाली, "काका, ते मी चुकून बोलले. पण त्यांना मराठी कुठं येतं?"

मी माझ्या तळहाताकडे पाहिलं. दिवा कसा शांत करतात, हे तरी त्यांना कुठं येत होतं?